पहिला मेल सर्व्हर उभारताना : कुठलं काम आधी, कुठलं नंतर

पहिल्यांदा मेल सर्व्हर उभारणारे बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. भाड्याने मशीन घेतात, पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्रॅम) टाकतात, स्वतःलाच एक मेल पाठवून बघतात. तो पोचला की काम झालं असं वाटतं. मग सोमवारी ऑफिस सुरू होतं, खरेदीदाराला पाठवलेलं बिल स्पॅममध्ये सापडतं, जीमेलला गेलेला मेल परत येतो आणि पुढचे तीन दिवस डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत, खाडाखोड चालते. मेल घेणं सोपं आहे. आपला मेल समोरच्या सर्व्हरने स्वीकारणं हे अवघड, आणि ते निम्म्याहून जास्त सॉफ्टवेअर टाकायच्या आधीच ठरलेलं असतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

उदाहरणाला सांगली मार्केट यार्डातली हळदीची एक पेढी धरू. बारा मेलबॉक्स, दिवसाला दोन-अडीचशे मेल बाहेर. सौदा झाला की खरेदीदाराला बिल, गाडी भरली की सूचना, शिवाय बँक आणि जीएसटीचा पत्रव्यवहार. साताऱ्याच्या एमआयडीसीतलं वर्कशॉप असो की विट्याची पतसंस्था, क्रम हाच राहतो. मात्र तीन-चारच मेलबॉक्स असतील आणि रोज सर्व्हरचे लॉग (नोंदी) बघायला माणूस नसेल, तर स्वतःचा सर्व्हर उभारू नका. तयार मेलसेवा घ्या, ती स्वस्त पडेल.

सेटिंग आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची.

टप्पा १ : आयपी मिळवा आणि लगेच तपासा

ऑफिसच्या ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर ठेवू नका. तिथला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बदलता असतो किंवा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. असे आयपीचे पट्टे स्पॅमविरोधी याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहॉसच्या पीबीएल यादीत असतात, म्हणजे तिथून थेट निघालेला मेल अनेक सर्व्हर दारातच नाकारतात. लाइट जाण्याचा प्रश्न वेगळाच. सांगलीकरांना आणखी एक कारण आहे: २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचं पाणी शहरात आलं. तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेल्या सर्व्हरला यूपीएसचा काही उपयोग होत नाही.

तेव्हा डेटा सेंटरमधला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचं आभासी मशीन, घ्या. पैसे भरण्याआधी कंपनीला तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

१. बाहेर जाणारा पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलचं दार, उघडा आहे का? नसेल तर उघडून मिळेल का?
२. आयपीचा पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे रिव्हर्स डीएनएस, मला स्वतः बदलता येईल का?
३. आयपी कायमचा माझाच राहील का, की मशीन पुन्हा बनवलं की बदलेल?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एडब्ल्यूएस आणि गूगल क्लाउड दोन्हींकडे बाहेर जाणारा पोर्ट २५ मुळात बंद असतो. एडब्ल्यूएस अर्ज करून तो उघडून देतं, पण हे मशीन घेतल्यावर कळलं तर दोन-चार दिवस वाया जातात. पोर्ट उघडणारच नसेल तर बाहेर जाणारा मेल एखाद्या रिले सेवेमार्फत (आपला मेल पुढे पोचवून देणारी सेवा) ५८७ पोर्टवरून पाठवावा लागेल. ती वाटही चालते, फक्त तिचा खर्च आधी धरा.

मशीन किती मोठं? बारा मेलबॉक्सना २ सीपीयू आणि २ जीबी मेमरी पुरते. क्लॅमएव्ही अँटिव्हायरस चालवणार असाल तर ४ जीबी, कारण तो एकटाच जीबीभर मेमरी खातो. डिस्कचा हिशोब सरळ आहे: बारा माणसं, प्रत्येकी ५ जीबी, म्हणजे ६० जीबी. त्यावर लॉग आणि सिस्टिमसाठी २० जीबी धरा.

तपासा: मशीन हातात आल्यावर काहीही टाकण्याआधी दोन गोष्टी करा. एक, त्या मशीनवरून जीमेलच्या एमएक्स (मेल घेणाऱ्या) सर्व्हरच्या पोर्ट २५ ला टेलनेट करा. '२२०' ने सुरू होणारी ओळ आली तर रस्ता मोकळा आहे. कर्सर नुसता लुकलुकत राहिला तर पोर्ट बंद आहे. दोन, आयपी स्पॅमहॉस आणि बाराकुडाच्या यादीत आहे का ते त्यांच्या संकेतस्थळांवर बघा. आधीच्या भाडेकरूने स्पॅम पाठवलं असेल तर त्याची बदनामी तुमच्या वाट्याला येते. यादीत असेल तर मशीन त्याच दिवशी परत करा आणि दुसरा आयपी घ्या. यादीतून नाव काढत बसण्यापेक्षा ते सोपं. पन्नास याद्या एकदम तपासणाऱ्या साइटवर एखादी आडवळणाची यादी लाल दिसली तर मात्र घाबरायचं कारण नाही.

टप्पा २ : नाव ठरवा आणि तिन्ही ठिकाणी तेच लिहा

सर्व्हरला पूर्ण नाव द्या. पुढे 'मेल', मग डॉट, मग तुमचं डोमेन. हे नाव तीन ठिकाणी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे:

१. ए रेकॉर्ड: या नावावरून आयपी मिळतो.
२. पीटीआर रेकॉर्ड: त्या आयपीवरून हेच नाव मिळतं.
३. हेलो नाव: मेल देताना पोस्टफिक्स समोरच्याला स्वतःची ओळख याच नावाने सांगतं.

सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, आणि तोही एकाच गैरसमजामुळे. पीटीआर रेकॉर्ड डोमेन जिथून घेतलं त्या पॅनेलमध्ये लिहायचा नसतो. तो आयपी ज्याच्या मालकीचा आहे त्याच्याकडे, म्हणजे व्हीपीएस कंपनीच्या पॅनेलमध्ये लिहायचा. डोमेनच्या पॅनेलमध्ये पीटीआर लिहून ठेवला तरी तो जगाला दिसत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. माणूस आपला तास-दोन तास 'पसरायला वेळ लागत असेल' म्हणून वाट बघत बसतो.

डोमेन क्लाउडफ्लेअरवर असेल तर या ए रेकॉर्डपुढचा नारिंगी ढग बंद करा. तो चालू असताना नावावरून तुमचा नव्हे, क्लाउडफ्लेअरचा आयपी मिळतो आणि मेल तिथे पोचतच नाही.

डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर यायचा ते एमएक्स रेकॉर्ड सांगतो. त्यात नाव लिहायचं, आयपी नाही. ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) असूनही चालत नाही, त्याला थेट ए रेकॉर्डच हवा.

सावधान: डोमेनवर सध्या कुठलीही मेलसेवा चालू असेल तर एमएक्सला आत्ता हात लावू नका. त्याची पाळी नवव्या टप्प्यावर येते. आत्ता बदललात तर खरेदीदारांचे मेल अर्धवट सर्व्हरवर येऊन आपटतील.

आयपीव्ही६ सुरुवातीला बंद ठेवा. चौथ्या टप्प्यात पोस्टफिक्समध्ये 'इनेट प्रोटोकॉल्स' याची किंमत आयपीव्ही४ करा. आयपीव्ही६ ला पीटीआर वेगळा लागतो. तो नसताना जीमेलशी आयपीव्ही६ वरून बोलायला गेलं की मेल नाकारला जातो. मग काही मेल जातात, काही जात नाहीत, आणि कारण सापडत नाही.

याच टप्प्यावर एक कागद घ्या आणि पेढीच्या नावाने कोण-कोण मेल पाठवतं त्याची यादी करा. माणसं सोडून इतरही असतात: बिलिंगचं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म, स्कॅन करून मेल पाठवणारा झेरॉक्सचा मशीन. सहाव्या टप्प्यात हा कागद लागणार आहे. त्यातून सुटलेलं नाव महिनाभराने 'बिलं पोचत नाहीत' म्हणून समोर येतं.

टप्पा ३ : मशीन तयार करा

डेबियन किंवा उबंटूची सर्व्हर आवृत्ती घ्या. आवृत्ती निवडताना एक बघा: डेबियन १३ वर डव्हकॉट २.४ येतं आणि त्याची सेटिंग लिहायची पद्धत २.३ पेक्षा बरीच बदलली आहे. जुने लेख बघून लिहिलेली फाइल तिथे चालत नाही, सेवा सुरूच होत नाही. २.३ ची माहिती समोर ठेवून काम करणार असाल तर डेबियन १२ किंवा उबंटू २४.०४ बरं.

वेळ बरोबर हवी, त्यासाठी क्रोनी टाका. फायरवॉलमध्ये इतकेच पोर्ट उघडा: एसएसएचसाठी २२, सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलसाठी २५, प्रमाणपत्रासाठी ८०, मेल पाठवायला ४६५ आणि ५८७, वाचायला ९९३. पॉप३ चा ११० आणि साधा १४३ उघडूच नका.

मग जोडणी कूटबद्ध करायला लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र, दुसऱ्या टप्प्यात ठरवलेल्या नावाचं. यात दोन चुका हमखास होतात. पहिली: 'फुलचेन' फाइलऐवजी नुसती 'सर्ट' फाइल देणं. काही प्रोग्रॅम ते चालवून घेतात, काही फोन मात्र जोडणी तोडतात, आणि दोष फोनवर जातो. दुसरी चूक ९० दिवसांनी कळते. प्रमाणपत्राची मुदत तेवढीच असते. सर्टबॉट नवी फाइल वेळेवर आणून ठेवतो, पण चालू असलेली सेवा जुनीच वापरत राहते. सर्टबॉटच्या 'डिप्लॉय हुक'मध्ये पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोघांनाही रीलोड करणारी ओळ आजच लिहा. मुदत संपत आल्याचे सूचनेचे मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत, त्यामुळे आठवण करून देणारं कोणी नाही.

टप्पा ४ : पोस्टफिक्स

इन्स्टॉल करताना प्रकार विचारला की 'इंटरनेट साइट' निवडा. पुढचं सगळं 'मेन डॉट सीएफ' आणि 'मास्टर डॉट सीएफ' या दोन फाइलींत. दोन्हींची मूळ प्रत आधी बाजूला ठेवा.

१. 'मायहोस्टनेम' म्हणजे सर्व्हरचं पूर्ण नाव. नुसतं डोमेन नाही.

२. 'मायडेस्टिनेशन' मध्ये फक्त लोकलहोस्ट आणि सर्व्हरचं पूर्ण नाव. तुमचं डोमेन इथे लिहायचं नाही. ते 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स' मध्ये जातं. दोन्हीकडे लिहिलं तर पोस्टफिक्स मेलबॉक्सऐवजी लिनक्सचा युजर शोधायला जातं आणि 'युजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल' म्हणून मेल परत पाठवतं. मेलबॉक्स तर समोर दिसतोय, मग 'अननोन' कसा, हा प्रश्न पडला की आधी ही ओळ बघा.

३. 'मायनेटवर्क्स' मध्ये फक्त १२७.०.०.०/८. या यादीतल्या कोणालाही पासवर्डशिवाय जगभर मेल पाठवता येतो. ऑफिसमधून मेल जात नाही म्हणून कोणीतरी इथे मोठा पट्टा टाकतं, मेल जायला लागतो, आणि त्याच दाराने स्पॅमवाले आत येतात. ऑफिसच्या संगणकांनी, फोनांनी आणि झेरॉक्सच्या मशीननेही ५८७ किंवा ४६५ वर पासवर्ड देऊनच पाठवायचं.

४. 'एसएमटीपीडी रिले रिस्ट्रिक्शन्स' मध्ये क्रमाने तीन गोष्टी: मायनेटवर्क्सला परवानगी, लॉगिन केलेल्याला परवानगी, बाकीच्यांना 'रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन'. तयार फाइलीत शेवटी 'डिफर' असतं. त्यानेही दार बंदच राहतं, पण आलेल्याला 'नंतर या' असं उत्तर जातं आणि तो येतच राहतो.

५. 'व्हर्च्युअल मेलबॉक्स मॅप्स' मध्ये खऱ्या पत्त्यांची यादी. ही ओळ रिकामी ठेवली तर पोस्टफिक्स डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्याचा मेल आत घेतं, मग डव्हकॉट 'असा माणूस नाही' म्हणतं आणि तुमचा सर्व्हर परतीचा मेल लिहायला बसतो. स्पॅममधला पाठवणारा खोटा असतो, त्यामुळे ती परतीची पत्रं भलत्याच माणसाकडे जातात आणि तुमचा आयपी काळ्या यादीत. नाकारायचा मेल दारातच नाकारायचा.

६. पोर्ट २५ वर टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणं) 'मे' ठेवा, म्हणजे समोरच्याला जमत असेल तर. ५८७ वर 'एन्क्रिप्ट', म्हणजे सक्ती. २५ वर सक्ती केली तर जुन्या सर्व्हरचे मेल येणं बंद होतं. लॉगिनची सोय २५ वर देऊच नका, फक्त ५८७ आणि ४६५ वर.

७. 'मेसेज साइज लिमिट' मूळचं १०२४०००० बाइट, म्हणजे साधारण १० एमबी. जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना तिसऱ्या हिश्श्याने फुगते, त्यामुळे ८ एमबीचा स्कॅनसुद्धा अडतो. २५ एमबीचा मेल जावा असं वाटत असेल तर ३५०००००० ठेवा.

तपासा: 'पोस्टफिक्स चेक' चालवा, मग 'पोस्टकॉन्फ -एन'. दुसरी कमांड फक्त तुम्ही बदललेल्या ओळी दाखवते. ती यादी वरच्या सात मुद्द्यांशी ताडून बघा.

टप्पा ५ : डव्हकॉट आणि मेलबॉक्स

सगळे मेलबॉक्स एकाच सिस्टिम युजरच्या ताब्यात ठेवा. त्याला 'व्हीमेल' म्हणायची रीत आहे. साठवण मेलडिर पद्धतीने, म्हणजे प्रत्येक मेल वेगळ्या फाइलीत. पोस्टफिक्स आलेला मेल एलएमटीपी या पद्धतीने डव्हकॉटला देतं, आणि पाठवणाऱ्याचा पासवर्डही डव्हकॉटकडूनच तपासून घेतं. या दोन्हींसाठी लागणारी सॉकेट फाइल (जिच्यातून दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात) पोस्टफिक्सच्या स्पूलमधल्या 'प्रायव्हेट' फोल्डरमध्येच असायला हवी, तिचा मालक पोस्टफिक्स, परवानगी ०६६०. डेबियनवर पोस्टफिक्सचे बरेच भाग बंदिस्त फोल्डरमध्ये चालतात, त्यांना बाहेरची सॉकेट दिसत नाही. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर निम्म्या वेळा कारण हेच निघतं.

लॉगिनचं नाव म्हणजे पूर्ण पत्ता, नुसतं 'हिशोब' किंवा 'सौदा' नाही. हे सर्वांना आधीच सांगून ठेवा.

दोन गोष्टी लहान ऑफिसांना हमखास छळतात. दोन्हींचं मूळ एकच: सगळं ऑफिस बाहेर एकाच आयपीने दिसतं. पहिली, डव्हकॉट एका युजरला एका आयपीवरून १० जोडण्या देतं. 'ऑफिस' हा एकच मेलबॉक्स तीन संगणक आणि चार फोनवर लावला, आणि प्रत्येकाने दोन-तीन जोडण्या उघडल्या, की पुढच्याला नकार. ही मर्यादा 'मेल मॅक्स यूजरआयपी कनेक्शन्स' मध्ये असते, ती ४० करा. दुसरी, फेल२बॅन, म्हणजे वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्या आयपीला अडवणारा प्रोग्रॅम. तो हवाच. पण कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये जुना पासवर्ड राहिलेला असतो, तो दर पाच मिनिटांनी ठोठावतो, आणि फेल२बॅन अख्ख्या पेढीला बाहेर काढतो. ऑफिसला स्थिर आयपी असेल तर तो 'इग्नोर आयपी' मध्ये टाका. नसेल तर चुकांची मर्यादा थोडी वाढवा आणि बंदी तासाभराचीच ठेवा.

टप्पा ६ : एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, याच क्रमाने

एसपीएफ म्हणजे आमच्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवरून निघू शकतो त्याची जाहीर यादी. डोमेनच्या मुळाशी एक टीएक्सटी रेकॉर्ड: 'व्ही=एसपीएफ१ एमएक्स ~ऑल'. नवा सर्व्हर अजून एमएक्समध्ये नसेल तर त्याचा आयपी 'आयपी४:' लिहून घाला. आता दुसऱ्या टप्प्यातला कागद काढा आणि उरलेले पाठवणारेही घाला.

सावधान: एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच. जुन्या सेवेचा रेकॉर्ड तसाच ठेवून शेजारी नवा लिहिला तर दोन्ही रद्द धरले जातात. 'इन्क्लूड' आणि 'एमएक्स' सारखे डीएनएसमध्ये शोधायला लावणारे शब्द एकूण १० च्या आत ठेवा, त्यापुढे तपासणीच फसते.

डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर सर्व्हरची सही. आरस्पॅमडी या प्रोग्रॅमने (पुढच्या टप्प्यात स्पॅमची चाळणीही तोच करतो) २०४८ बिटची किल्ली बनवा. सिलेक्टरचं, म्हणजे किल्ली डीएनएसमध्ये ज्या नावाने ओळखली जाते त्याचं, नाव वर्ष-महिन्यावरून ठेवा, पुढे किल्ली बदलताना गोंधळ होत नाही. खाजगी किल्ली सर्व्हरवर राहते आणि ती आरस्पॅमडीच्या युजरला वाचता आली पाहिजे. रूटच्या मालकीची राहिली तर मेल सहीशिवाय जातात आणि वरवर काहीच बिघडलेलं दिसत नाही.

सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये चिकटवताना जरा थांबा. टीएक्सटी रेकॉर्डमधल्या एका तुकड्यात २५५ च अक्षरं मावतात आणि २०४८ बिटची किल्ली त्याहून लांब असते. आरस्पॅमडी ती कंसात, अवतरण चिन्हांत, दोन-तीन तुकड्यांत छापून देतं. काही पॅनेलना ती तशीच लागते, काहींना कंस आणि अवतरणं काढून एक सलग ओळ लागते. चिकटवल्यावर 'डिग' या कमांडने डीएनएसकडून रेकॉर्ड मागवा आणि शेवटची दहा अक्षरं मूळ फाइलीशी जुळवा. शेपूट तुटलं असेल तर इथेच दिसेल.

डीमार्क सांगतो की ही तपासणी फसली तर काय करायचं. 'अंडरस्कोर डीमार्क' या नावाने टीएक्सटी रेकॉर्ड, सुरुवात 'पी=नन' ने (काहीच अडवू नका), आणि 'आरयूए' मध्ये अहवाल यायचा पत्ता. दोन-तीन आठवडे अहवाल वाचा. कागदावर राहून गेलेला पाठवणारा त्यात दिसतो. तो दुरुस्त झाल्यावर 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), मग 'रिजेक्ट' (नाकारा). पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लावणाऱ्यांची स्वतःची बिलं अडकतात.

यातलं काहीच ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे पीटीआर आणि एसपीएफ-डीकेआयएमपैकी किमान एक लागतं. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना डीमार्कसह तिन्ही. तुम्ही अडीचशेच पाठवत असलात तरी तिन्ही लावा.

टप्पा ७ : येणाऱ्या स्पॅमची चाळणी

चाळणीलाही आरस्पॅमडीच पुरतं, सोबत माहिती साठवायला रेडिस लागतं. पोस्टफिक्सला आरस्पॅमडी मिल्टर (मेल आत-बाहेर जाताना तपासणारी जोडणी) म्हणून ११३३२ पोर्टवर जोडा. ११३३४ वरचं वेबपान बाहेरच्या जगाला उघडू नका. मूळचे गुण चांगले आहेत: ६ ला स्पॅमचा शिक्का, १५ ला नकार. पहिले दोन महिने त्यांना हात लावू नका.

याआधी स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसमधली उत्तरं शोधून आणणारा प्रोग्रॅम), अनबाउंड, त्याच मशीनवर टाका. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारलं तर स्पॅमहॉस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा सूचनेचा आकडा परत देतं. पोस्टफिक्समध्ये स्पॅमहॉसची ओळ नुसती लिहून ठेवली असेल तर कुठलंही उत्तर म्हणजे 'हा यादीत आहे' असा अर्थ लागतो आणि झाडून सगळे मेल नाकारले जातात.

ग्रेलिस्टिंगबद्दल आमचं मत: बंद ठेवा. अनोळखी सर्व्हरला पाच मिनिटांनी परत यायला सांगणं स्पॅमवर चालतं, पण पोर्टलचा ओटीपी त्यातच शिळा होतो, आणि रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी तो शिळा होणं परवडत नाही.

टप्पा ८ : चाचणी

मोबाइल डेटावरून करा, ऑफिसच्या वायफायवरून नको.

१. आतून आत: एका मेलबॉक्सवरून दुसऱ्यावर.
२. आतून बाहेर: जीमेलवर. तिथे मेल उघडून 'मूळ दाखवा' वर जा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे 'पास' हवं. दोन पास म्हणजे काम बाकी आहे. आउटलुकच्या पत्त्यावरही पाठवून बघा, त्यांची चाळणी वेगळी आहे.
३. परक्याची चाचणी: बाहेरच्या मशीनवरून स्वॅक्स या चाचणीचे मेल पाठवणाऱ्या कमांडने पोर्ट २५ वर, पासवर्ड न देता, तुमच्या सर्व्हरमार्फत तिसऱ्याच डोमेनला मेल पाठवायचा प्रयत्न करा. उत्तर '५५४ रिले ॲक्सेस डिनाइड' असंच हवं. '२५०' आलं तर सर्व्हर तिथल्या तिथे बंद करा आणि चौथ्या टप्प्यातला तिसरा मुद्दा पुन्हा वाचा.
४. बाहेरून आत: स्वॅक्सने पोर्ट २५ वर थेट सर्व्हरचं नाव देऊन, कारण एमएक्स अजून जुन्या मेलसेवेकडेच आहे. एक मेल खऱ्या पत्त्याला, एक नसलेल्या पत्त्याला. दुसऱ्याला दारातच ५५० मिळालं पाहिजे.
५. पोस्टमास्टर आणि अब्यूज हे दोन पत्ते चालतात का बघा. तक्रारी तिथे येतात.

लॉगमध्ये प्रत्येक बाहेर गेलेल्या मेलची ओळ 'स्टेटस=' ने ओळखा. 'सेंट' आणि कंसात २५० म्हणजे समोरच्याने घेतला, त्यापुढे तो इनबॉक्समध्ये ठेवायचा की स्पॅममध्ये हे त्याच्या हातात. 'डिफर्ड' आणि ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे नंतर पुन्हा प्रयत्न होईल, पोस्टफिक्स ५ दिवस प्रयत्न करतं. 'बाउन्स्ड' आणि ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. त्या आकड्यापुढचं वाक्य पूर्ण वाचा, नव्वद टक्के वेळा कारण तिथेच लिहिलेलं असतं. डेबियन १२ पासून 'मेल डॉट लॉग' ही फाइल आपोआप बनत नाही. 'जर्नलसीटीएल' मध्ये बघा, किंवा आरसिसलॉग टाका.

टप्पा ९ : जुना मेल हलवा, मग एमएक्स बदला

१. दोन दिवस आधी एमएक्सचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, ३०० सेकंद करा.
२. आयमॅपसिंकने जुन्या सेवेवरचे सगळे मेल नव्या मेलबॉक्समध्ये उतरवा. १२ मेलबॉक्सना एक रात्र धरा.
३. पेढी बंद असेल त्या संध्याकाळी एमएक्स बदला.
४. दुसऱ्या दिवशी आयमॅपसिंक पुन्हा चालवा. मधल्या वेळात जुनीकडे गेलेले मेल येतील, आधीचे दोनदा येणार नाहीत.
५. जुनी सेवा १५ दिवस चालू ठेवा. तिचे पैसे वाचवायला त्याच दिवशी खातं बंद करणं ही सगळ्यात महाग काटकसर.
६. जुनी सेवा बंद केल्यावरच एसपीएफमधून तिचं नाव काढा आणि टीटीएल परत ३६०० करा.

टप्पा १० : पहिले तीन आठवडे आणि पुढे

नवा आयपी कोणाच्या ओळखीचा नसतो. पहिल्या आठवड्यात रोज तीस-चाळीसच मेल, तेही उत्तर देणाऱ्या माणसांना. उरलेली बिलं तोवर जुन्या सेवेवरून जाऊ द्या, आणि ती चालू असेपर्यंत एसपीएफमध्ये तिचं नाव ठेवा. मग दर तीन-चार दिवसांनी आकडा दुप्पट करा. पहिल्याच महिन्यात दिवाळीच्या शुभेच्छा तीन हजार जणांना पाठवल्या तर जे कमावलं ते सगळं जातं. तसे घाऊक मेल या सर्व्हरवरून कधीच पाठवू नका. मायक्रोसॉफ्टकडून 'एस३१४०' असा शेरा असलेला ५५० आला तर त्यांनी तुमच्या आयपीचा शेजार अडवलेला असतो. त्यांच्या डीलिस्ट फॉर्मवर अर्ज करा आणि उत्तर येईपर्यंत त्यांना मेल पाठवणं थांबवा.

लॉग १८० दिवस ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी कंपन्यांवर तशी जबाबदारी टाकली आहे. मूळ सेटिंगमध्ये लॉग त्याआधीच पुसले जातात, ती मुदत स्वतः वाढवून घ्या.

रोज सकाळी 'मेलक्यू', म्हणजे जायच्या थांबलेल्या मेलची रांग, बघा. पाच-दहा मेल थांबलेले असणं नेहमीचं. एके दिवशी दोन हजार दिसले तर कोणाचा तरी पासवर्ड फुटला आहे. तेव्हा क्रम असा: आधी लॉगमध्ये 'सॅसल युजरनेम' बघून खातं ओळखा, मग त्याचा पासवर्ड बदला, मग पोस्टफिक्स आणि डव्हकॉट रीस्टार्ट करा म्हणजे चालू जोडण्या तुटतील, आणि सगळ्यात शेवटी रांगेतले त्या खात्याचे मेल पुसा. रांग आधी पुसली तर दहा मिनिटांत पुन्हा भरते.

बॅकअपमध्ये चार गोष्टी हव्यात: व्हीमेलचं फोल्डर, पोस्टफिक्स-डव्हकॉट-आरस्पॅमडीच्या सेटिंग, पासवर्डची फाइल किंवा डेटाबेस, आणि डीकेआयएमची खाजगी किल्ली. एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर ठेवा. दुसरी हार्डडिस्कवर हवी असेल तर ती पेढीत नको, विश्रामबागेकडे उंचावर राहणाऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडतं तेव्हा डिस्क शोधायला वेळ नसतो. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून एक पूर्ण मेलबॉक्स वेगळ्या मशीनवर उघडून बघा: फोल्डर जागेवर आहेत का, मागच्या आठवड्यातली बिलं दिसतात का, जोडलेली पीडीएफ उघडते का.